व्याज नको, गुपित राखा

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा नद्यांवर पूल नव्हते आणि माणसांना पलीकडे पोचायची घाईही नव्हती. लहानांनो, तुम्ही तर ऐकाच. मोठ्यांनो, तुम्ही पेंगत पेंगत ऐकू नका, कारण ही गोष्ट जास्त करून तुमचीच आहे.

एका नदीच्या काठी एक नावाडी राहत होता. घरात तो आणि त्याची बायको, आणि घराबाहेर त्यांची नाव. नाव सागाची होती, त्याच्या आजोबांनी बांधलेली. त्या पंचक्रोशीत दुसरी नाव नव्हती. बाजाराला जायचं असो की लेकीला सासरी पोचवायचं असो, सगळ्यांना हिच्यातच बसावं लागे.

परके वाटसरू रोख पैसा देत. पलीकडच्या पाच गावांची माणसं मात्र पैसा देत नसत. त्यांचं बलुतं ठरलेलं होतं. वर्षभर नावेतून ये-जा करायची आणि सुगी झाली की घरटी दोन पायल्या धान्य नावाड्याला घालायचं. रीत चांगली होती. फक्त ते धान्य खळ्यावर जाऊन मागून आणावं लागे, आणि आमच्या नावाड्याला मागायची भीड वाटे. "देतील की आपणहून, पळून थोडेच चाललेत," असं म्हणून तो हसायचा. लोक त्याला फार भला माणूस म्हणायचे. फुकट नदी ओलांडायला मिळाल्यावर वाईट कोण कशाला म्हणेल?

आता या धंद्याची एक गोम ऐका. नावाड्याचं वर्ष नऊच महिन्यांचं असे. चैत्र लागला की नदी आटायची, पाणी गुडघ्याखाली यायचं, आणि कालपर्यंत ज्यांचं नावेवाचून अडत होतं तेच लोक धोतर वर खोचून चालत पलीकडे जायचे. मग नाव ओढून काठावर घ्यायची, पालथी घालायची, सुताराकडून कुजक्या फळ्या बदलून घ्यायच्या आणि फटी कापूस न् राळ भरून बुजवायच्या. कमाई बंद आणि खर्च सुरू, असे ते तीन महिने. पोट मात्र बारा महिन्यांचं.

त्यातच एक जेवणावळ होती. ज्या दिवशी नाव पालथी घालायची, त्या दिवशी नावाड्यानं घाटावर सगळ्यांना जेवू घालायचं. पालथ्या नावेपाशी माणसं जेवली नाहीत तर नदी रुसते आणि पुन्हा भरून येत नाही, असं म्हणत. कोण म्हणत? जेवणारेच म्हणत. आजोबांच्या काळी पंगतीला तीस माणसं असत आणि बलुतं घरात येऊन पडलेलं असे. आता पानं दीडशे पडत आणि कणगी रिकामी. पण जेवण बंद केलं तर लोक काय म्हणतील, या धाकानं नावाडी ऋण काढून सण करत होता.

हे ऋण कुठून आलं, ते सांगतो. पण त्याआधी बायकोची बाजू सांगायला हवी, नाहीतर ती माझ्यावर रागवेल.

बायको मोठी कष्टाची होती. ती अंबाडीचे दोर वळायची आणि बाजारात विकायची. नवऱ्यावर तिचा जीव होता, भरवसा मात्र नव्हता. पैसा दिसला की त्याचा हात सैल सुटे, हे तिनं पाहिलं होतं. म्हणून दोर विकून आलेल्या पैशातलं चांदीचं नाणं ती गुपचूप बाजूला टाकी. झोपडी एवढीशी. त्यात नाणी गाडग्यात ठेवली तर खुळखुळणार. मग तिनं काय केलं? नाव बुजवायची राळ घेतली, ती मऊ केली, आपल्या जुन्या हिरव्या लुगड्याच्या चिंध्या फाडल्या, एकेक नाणं चिंधीत गुंडाळलं आणि राळेच्या गोळ्यात दाबून बसवलं. राळेतलं नाणं वाजत नाही. अशी युक्ती नावाड्याच्याच बायकोला सुचायची.

असे तीस रुपये जमले. आणि एका चैत्रात नवऱ्यानं नेमका तोच गोळा उचलला आणि राळ पातळ करायच्या कढईत टाकायला निघाला!

"अवो, थांबा, ती राळ जुनी हाय! नाव गळंल!" असं म्हणून तिनं गोळा हिसकावून घेतला. दुसऱ्याच दिवशी पदराखाली तो गोळा घेऊन ती सावकाराच्या वाड्यावर गेली.

"सावकार, एवढी ठेव ठेवा," ती म्हणाली. "मला व्याज नको. फकस्त गुपित राखा. माज्या मालकास्नी कळता कामा नये."

सावकार सज्जन दिसणारा, मऊ बोलणारा माणूस होता. तो म्हणाला, "बाई, या भिंतींना कान आहेत, पण तोंड नाही. निश्चिंत जा."

आठच दिवसांनी त्याच वाड्यावर नावाडी आला. सुतार दारात बसला होता, जेवणावळ तोंडावर आली होती, आणि घरात पैसा नाही हे बायकोला सांगायची त्याला लाज वाटत होती. 'पुरुषासारखा पुरुष मी, आणि घर चालवता येत नाही असं हिला दिसलं तर?' हा त्याचा घोर.

"सावकार, चाळीस रुपये द्या," तो म्हणाला. "रुपयाला वर्साला चार आणे याज घ्या. नाव गहाण घ्या. पर गुपित राखा. माज्या बायकोला कळता कामा नये."

सावकारानं त्यालाही तेच सांगितलं. या भिंतींना तोंड नाही. आणि पेटीतून नाणी मोजून दिली. त्यात राळेचे डाग पडलेली नाणी होती. डागाळलेलं नाणं बाजारात कुणी चटकन घेत नाही, म्हणून सावकारानं ती बाजूला काढून ठेवली होती. गरजवंताला अक्कल नसते, त्यानं ती मुकाट्यानं घेतली. त्याला वाटलं, दुसऱ्या कुठल्या घाटावरच्या नावाड्यानं फेडलेली असतील.

तर असं झालं. ती दरसाल पंधरा-पंधरा रुपये गोळ्यात घालून वाड्यावर नेऊ लागली, आणि तो दरसाल वीस-वीस रुपये तिथून आणू लागला. तिनं जाताना मागचं दार धरावं, त्यानं पुढचं. ती ठेवीवर व्याज घेत नव्हती, तो कर्जावर व्याज देत होता. तीन उन्हाळ्यांत तिची ठेव साठ झाली आणि त्याचं कर्ज ऐंशी. बाळांनो, हसताय ना? हसा. मोठी माणसं का हसत नाहीत, ते मला ठाऊक आहे.

चौथा उन्हाळा तोंडावर आला असताना, फाल्गुनात, नावाड्याला ताप भरला. नदीला अजून पाणी होतं, वाटसरू घाटावर खोळंबलेले. बायकोनं पदर खोचला, वल्हं घेतलं आणि नाव पाण्यात घातली. त्या दिवशी पलीकडचा सुतार नावेत बसला. हाच दरसाल नाव दुरुस्त करायचा. उतरताना त्यानं तिच्या हातावर एक रुपया ठेवला.

"हे भाडं न्हवं, वैनी," तो म्हणाला. "ह्यो तुमच्याच घरचा रुपया. गेल्या वैशाखात मालकांनी मजुरीत दिला हुता. धा दुकानं फिरलो, डाग बघून कुणी घेत न्हाई. मला दुसरा बदलून द्या."

तिनं नाणं उलटून पाहिलं. एका बाजूला राळेचा जाड थर होता. आणि त्या थरात एक हिरवा धागा अडकला होता.

आपल्या लुगड्याचा धागा बाई लगेच ओळखते. सावकाराच्या पेटीत ठेवलेला रुपया नवऱ्याच्या हातून सुताराकडे गेला होता. तिनं सुताराला दुसरा रुपया दिला आणि वल्हं मारत घरी आली. वाटेत नाव दोनदा भोवऱ्याकडे गेली.

घरी आल्यावर तिनं तो रुपया उशाशी ठेवला. नवऱ्यानं पाहिला. तिनं त्याला पाहताना पाहिलं. आणि कुणीच काही बोललं नाही! कसं बोलणार? 'हा तुमच्याकडं कुठून आला' असं विचारावं, तर तिची ठेव उघडी पडणार. 'हा तुला कुठं मिळाला' असं विचारावं, तर त्याचं कर्ज उघडं पडणार. दोन दिवस घरात कुणी धड बोललं नाही. भाजी अळणी झाली तरी त्यानं मीठ मागितलं नाही.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ते खरं आहे, पण शेजाऱ्यापुढं. एकाच चुलीपाशी दोन मुठी झाकलेल्या राहिल्या तर भाकरी कोण थापणार?

तिसऱ्या दिवशी सकाळी तिच्यानं राहवेना. तिनं नवऱ्याला हाताला धरून अंगणात आणलं, उन्हात घोंगडी टाकली, त्यावर तो रुपया ठेवला आणि म्हणाली, "पयली मी बोलते. ह्यो रुपया माजा हाय. असे साठ हायेत. सावकाराकडं ठेवलेत. तुमच्यापासनं चोरून."

नावाड्याचा चेहरा उतरला. त्यानं तो रुपया हातात घेऊन उलटला. मग म्हणाला, "माजं ऐंशी हाय."

"ऐंशी काय?"

"कर्ज. त्याच सावकाराचं. आन् यंदाचं याज वीस. आत्तापातुर पंचवीस याज देऊन झालं." त्यानं नदीकडं बोट केलं. "ज्येष्ठी पुनवेला शंभर भरले न्हाईत तर नाव त्याची. कागदावर तसं लिवलंय."

आता ती रडली. साठ रुपयांसाठी नाही, नावेसाठी. मग तिला राग आला, आणि तो चांगलाच आला. "पंगतीपायी नाव घालवली! दीडशे माणसास्नी शिरा चारला, आन् मी इकडं कोंड्याचा मांडा करती!" तोही भडकला. "आन् तू? घरात साठ रुपये असून मला सावकाराच्या दारात उभा केलास! साठ असल्याचं ठावं असतं तर म्या कशाला गेलो असतो?"

"दिसले असते तर तुमी उरू दिले असते व्हय?"

दोघंही खरं बोलत होती, म्हणून भांडण लवकर संपलं. खोटं भांडण लांबतं. नवऱ्याला तेवढ्यात एक गोष्ट लख्ख कळली आणि तो डोक्याला हात लावून म्हणाला, "अगं, म्हंजे आपलेच पैसे आपुण याजानं आणत हुतो!"

दोघंही एकदम हसली. डोळ्यांत पाणी होतं तरी हसली.

त्याच दुपारी दोघं मिळून वाड्यावर गेली, पुढच्या दारानं. त्यांना बरोबर पाहून सावकाराचा चष्मा नाकावरून घसरला.

बायको म्हणाली, "सावकार, आमचं देणं शंभर. आमची ठेव साठ. साठ वजा करा, उरलेले चाळीस लिवा."

सावकार गोड हसला. "तसं नाही करता येत, बाई. ठेवीची वही वेगळी, कर्जाची वही वेगळी. ठेव तुझी, कर्ज त्याचं."

"वह्या तुमच्या दोन आसतील," ती म्हणाली. "चूल आमची एकच हाय."

नावाडी चिडून म्हणाला, "तुमी आमाला फसवलंत!"

सावकाराचं हसू मावळलं, पण तो रागावला नाही. तो म्हणाला, "मी? मी कुणाला फसवलं? ही म्हणाली गुपित राखा, मी राखलं. तू म्हणालास गुपित राखा, मी राखलं. दोघांनी दोन्ही टोकांनी गुपित धरलं होतंत, मी मधे बसून त्याची राखण केली. राखणदाराला मजुरी नको?"

मुलांनो, सावकार चांगला माणूस होता असं मी म्हणत नाही. पण तो खोटं बोलत नव्हता, आणि म्हणूनच ते दोघांनाही फार लागलं.

मग सावकारानं साठ वजा केले. ठेव परत मागितल्यावर नाही म्हणायची सोय नव्हती, अख्ख्या गावाच्या त्याच्याकडे ठेवी होत्या. पण वही मिटता मिटता तो म्हणाला, "चाळीस आणणार कुठून? उन्हाळा तोंडावर आहे, नाव पालथी पडेल. त्यापेक्षा माझं ऐक. नाव मला देऊन टाक. तूच चालव, मी तुला महिन्याला पगार देतो. फळी कुजली तर माझी, राळ लागली तर माझी. सुखानं झोप."

नावाड्याला ते क्षणभर बरं वाटलं. खरंच वाटलं. थकलेल्या माणसाला कुणीतरी भार उचलतो म्हटलं की ते बरंच वाटतं. त्यानं बायकोकडं पाहिलं. निर्णय त्याला करायचा होता.

"न्हाई सावकार," तो म्हणाला. "पुनवेला येतो."

घरी आल्यावर बायकोनं पदरभर चिंचोके आणले आणि घोंगडीवर बारा ढीग मांडले. नऊ महिन्यांची कमाई बारा ढिगांत पुरवायची कशी, ते दोघं मांडून, मोडून, पुन्हा मांडून बघत बसली. शेवटी हिशेब सोपा निघाला. चार पैशांतला एक उन्हाळ्याचा. एवढीच गोष्ट. ती तीन पिढ्यांत कुणी मांडून बघितली नव्हती, कारण घरात घोंगडीवर पैसा मांडायची पद्धतच नव्हती.

पण ते पुढच्या वर्षाचं झालं. यंदाचे चाळीस अजून हवेत होते.

चैत्र आला. नाव पालथी घालायचा दिवस उजाडला. पाचही गावांची माणसं पोटं रिकामी ठेवून घाटावर आली. बघतात तर चूल नाही, पत्रावळी नाहीत, शिऱ्याचा वास नाही. पालथ्या नावेशेजारी एक रिकामं पोतं आणि त्यावर धान्य मापायची पायली. बाजूला नावाडी उभा.

त्यानं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. बायको मागं उभी होती, पण ती त्याच्या वतीनं एक शब्द बोलली नाही. अखेर तो म्हणाला, "मंडळी, यंदा जेवण न्हाई. माजी नाव गहाण पडलीया. तीन सालाचं बलुतं तुमच्याकडं ऱ्हायलंय. ते तेवढं घाला."

घाटावर कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं, "नदी रुसंल." कुणी म्हणालं, "बापाचं नाव बुडवलं." दोघं-तिघं तर तडक घरी निघाले. नावाड्याला वाटलं, वाळूत तोंड खुपसावं. तीन वर्षं ज्या क्षणाला तो भीत होता तो क्षण आला होता, आणि त्यात तो उभा होता.

मग पलीकडच्या गावची एक म्हातारी काठी टेकत पुढं आली. ती म्हणाली, "आरं बाबा, तीन सालं तू खळ्यावर आलाच न्हाईस. आमी म्हणलो, तुला गरज नसंल. जेवाया घालतोस एवढं, तवा घरात कणग्या भरल्या आसतील." ती वळून लोकांना म्हणाली, "काय रे, फुकट नदी वलांडताना न्हाई नदी रुसली ती?"

लोक ओशाळले. माणसं वाईट नव्हती. कुणी मागितलं नाही म्हणून विसरली होती, आणि विसरणं सोयीचं होतं. म्हातारीनं सांज व्हायच्या आत सहा पायल्या ज्वारी पाठवली. तिचं पाहून दुसऱ्यांनी घातली. पंधरा दिवसांत चार गावांचं धान्य आलं. पाचव्या गावाचा पाटील मात्र वाद घालत राहिला, आणि नावाडी त्याच्या ओट्यावर तीनदा जाऊन बसला. भीड ही भिकेची बहीण, हे त्याला उशिरा का होईना कळलं होतं. तिसऱ्या खेपेला पाटील कंटाळला आणि त्यानं अर्धं बलुतं दिलं.

सुताराची मजुरी धान्यात भागली. उन्हाळ्यापुरतं धान्य कणगीत घातलं आणि उरलेलं विकलं. दरवर्षी नावाडी हे तीन महिने वडाखाली सोंगट्या खेळण्यात घालवी. यंदा तो बायकोच्या शेजारी बसून दोर वळायला शिकला. पहिला दोर असा झाला, की त्यानं शेळीही बांधून राहिली नसती. हळूहळू हात बसला. दोरांची भेंडोळी खांद्यावर टाकून तो बाजाराला निघाला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यानं ती नदी पायी चालत ओलांडली. काठावरची पोरं ओरडली, "नावाडी पायी! नावाडी पायी!" त्याचे कान तापले, पण पाय थांबले नाहीत.

ज्येष्ठी पुनवेच्या आदल्या दिवशी दोघांनी घोंगडीवर पैसे मोजले. पस्तीस भरले. पुन्हा मोजले, तरी पस्तीसच. पाच कमी.

मग हळूच नावाड्यानं पागोट्याची घडी सोडली आणि त्यातून चार रुपये काढून घोंगडीवर ठेवले. "तंबाखूसाठी मागं टाकले हुते," तो पुटपुटला. "समदं सांगितलं त्या दिशी, पर एवढं न्हाई सांगितलं."

बायको त्याच्याकडं बघतच राहिली. आता ही भडकणार, असं त्याला वाटलं. पण ती उठली, जात्याच्या खुंट्याजवळची माती उकरली आणि दोन रुपये आणून घोंगडीवर टाकले. "ऱ्हावंना मला बी," ती म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून हसू लागली.

लपवायची सवय अशी चिवट असते. एका दिवसात सुटत नाही. पण सुटते.

एकेचाळीस झाले. पुनवेला दोघांनी सावकाराला चाळीस मोजून दिले, कागद फाडून घेतला आणि उरलेल्या एका रुपयातून थोडा गूळ आणून शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हातावर ठेवला. पाचव्या दिवशी वरच्या डोंगरातून पाणी आलं. नदीला कुणी जेवायला बोलावलं नव्हतं, तरी ती वेळेवर आली. नाव सुलटी झाली, पाण्यात गेली, आणि वल्हं हातात घेताना नावाड्याला ती पहिल्यांदाच आपली वाटली.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी तो कमरेची चंची चुलीपुढं रिकामी करी. ती दोरांचे पैसे शेजारी ठेवी. चार पैशांतला एक, चुलीवरच्या उघड्या कोनाड्यात. तो वाजे, खुळखुळे, दोघांनाही ऐकू येई. एकदा एका सोयऱ्याला बैल घ्यायला पैसे द्यावेत, असं नावाड्याच्या मनात आलं. त्यानं बायकोला विचारलं. तिनं कोनाड्याकडं बोट दाखवून म्हटलं, "त्यातलं ज्येष्ठातलं जेवण देताय, का वैशाखातलं?" सोयऱ्याला एक पायली ज्वारी मिळाली आणि तो तेवढ्यावरही खूश होऊन गेला.

पुन्हा चैत्र आला. नाव पालथी पडली. घाटावर या वेळी जेवण होतं, पण म्हातारीच्या सांगण्यावरून प्रत्येक जण आपापली भाकरी बांधून आला होता आणि नावाड्याकडचं फक्त ताक होतं. लोक दर वर्षापेक्षा जास्त वेळ बसले.

सगळे पांगल्यावर छत्री टेकत सावकार आला. त्यानं ताक घेतलं, मिशा पुसल्या, पालथ्या नावेवर मायेनं हात फिरवला आणि हळू आवाजात म्हणाला, "फळ्या कुजल्यात रे. उन्हाळा मोठा आहे. मागचं झालं ते झालं. या वर्षी किती देऊ? कुणाला कळणार नाही."

नावाडी म्हणाला, "थांबा सावकार. बायकोला हाक मारतो. तिच्याम्होरं बोलू."

सावकारानं छत्री उघडली.

"मग राहू दे," तो म्हणाला. "जो बायकोपुढं बसून कर्ज घेतो, त्याच्यापासून मला काय मिळणार?" आणि तो आल्या वाटेनं निघून गेला.

म्हणून सांगतो, घरातली माणसं एकमेकांपासून जे लपवतात, त्याचं व्याज बाहेरचा खातो.